इसबाचं बाळ आणि घरातली मोठी माणसं

1990च्या दशकात जगभरातल्या शाळांमधून एक छोटी प्रश्नावली फिरली. सहा महिने येत-जात राहणारं, खाजणारं पुरळ कधी होतं का? गेल्या बारा महिन्यांत होतं का? आणि ते कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे, घोट्याच्या पुढच्या बाजूला, मानेभोवती, कानांपाशी किंवा डोळ्यांभोवती होतं का? 13-14 वर्षांच्या मुलांनी उत्तरं स्वतः लिहिली, 6-7 वर्षांच्यांसाठी पालकांनी. ‘आयझॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचं काम न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून चालत होतं, आणि त्यात 56 देश होते. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि अकोल्याच्या जोडीला आणखी एका केंद्राची नोंद आहे : बोरिवली.

त्यातून निघालेल्या आकड्यांनी तज्ज्ञांना विचारात पाडलं. 6-7 वर्षांच्या मुलांमध्ये इराणमध्ये इसबाची लक्षणं दोन टक्क्यांहून कमी होती, तर जपान आणि स्वीडनमध्ये सोळा टक्क्यांहून जास्त. आशियातली बरीच केंद्रं खालच्या बाजूला होती. एवढी तफावत केवळ रक्तातून आलेली असणं शक्य नव्हतं. हवा, पाणी, राहणी यांचाही त्यात हात असणार, हे स्पष्ट झालं. पण टक्केवारी कमी म्हणून ज्या घरात असं बाळ आहे त्या घराचा त्रास कमी होत नाही. बाळ रात्रभर गाल उशीवर घासतं, आई ते घासू नये म्हणून जागते आणि सकाळची 7.42ची लोकल काही थांबत नाही.

इसब बहुतेकदा पहिल्या वर्षातच डोकं वर काढतो. सुरुवातीला गाल, कपाळ, डोकं आणि हातापायांची बाहेरची बाजू लाल, खरखरीत होते. लंगोटाखालची ओलसर जागा मात्र बहुधा स्वच्छ राहते, आणि डॉक्टर ही खूण आवर्जून पाहतात. बाळ चालायला लागलं की पुरळ घड्यांमध्ये सरकतं. हे ‘अंगातली उष्णता’ नाही, ‘रक्त खराब’ नाही आणि आईने बाळंतपणात काही वातूळ खाल्लं म्हणूनही नाही. 2006 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिलं की फिलॅग्रिन या त्वचेतल्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो. प्रत्येक बाळात हाच बिघाड असतो असं नाही. पण वरचा थर कच्चा असणं हे इसबाचं मुख्य दुखणं. गिलावा उडालेल्या भिंतीसारखी अशी त्वचा आतलं पाणी धरून ठेवत नाही आणि बाहेरचं नको ते आत घेते.

हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. घरातल्या तिघाचौघांना एकदम खाज सुटली, रात्री ती वाढली, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आलं, तर ती खरूज असण्याची शक्यता जास्त. तिचा उपचार वेगळा आणि तो सगळ्या घराने एकाच वेळी घ्यायचा असतो. दाटीच्या वस्त्यांत हा घोळ नेहमी होतो, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावं.

मुंबईच्या उपनगरातलं वर्षही या त्वचेची परीक्षा पाहणारं. एप्रिल-मेमध्ये घाम साचतो आणि खाज पेटते. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गाद्या नीट वाळत नाहीत, बुरशी आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना रान मोकळं मिळतं. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होते, आणि सगळीकडे चाललेल्या पुनर्विकासाची धूळ घरात येते. पाण्याची चिंताही पालक बोलून दाखवतात. भातसा, तानसा, वैतरणेकडून शुद्ध होऊन येणारं पालिकेचं पाणी पावसाचं, तलावांतलं. ज्या सोसायट्यांना बोअरवेलची किंवा टँकरची जोड लागते तिथे ते जड असू शकतं. जड पाण्याचा आणि लहान बाळांच्या इसबाचा संबंध ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसला आहे. तरीही पाणी मऊ करणारं यंत्र घरात बसवून मुलांचा इसब कमी होतो का, हे तिथेच 336 मुलांवर तपासलं, तेव्हा 2011च्या निष्कर्षात फायदा दिसला नाही. तेव्हा तो हजारोंचा खर्च टाळावा.

आता मराठी घराच्या न्हाणीघराकडे वळायला हवं. आजी, मालीश करणारी मावशी आणि नवी आई यांचं मत इथे क्वचितच जुळतं. मालीश वाईट नाही. हलक्या हाताने लावलेलं खोबरेल बऱ्याच बाळांना मानवतं. फिलिपिन्समध्ये 117 मुलांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘व्हर्जिन’ खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. मोहरीचं तेल मात्र अशा त्वचेला झोंबू शकतं, आणि ऑलिव्ह तेलाने त्वचेचा वरचा थर कमजोर होतो असं दिसून आलं आहे. लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा चोळणं, हळद-उटणं घासणं, कडक गरम पाणी आणि न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी, या चार गोष्टी इसबाच्या बाळाला सोसत नाहीत. हे आजीला सांगताना तिचा अपमान होऊ नये. तिच्या हाताखाली वाढलेल्या मुलांची त्वचा कदाचित धडधाकट होती, या बाळाची नाही, एवढंच सांगणं पुरे असतं.

अंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झरची. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. आणि अंग किंचित ओलं असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर. हेच इसबाचं पहिलं औषध, आणि नेमकं तेच घरोघरी सौंदर्यप्रसाधनासारखं चिमूटभर वापरलं जातं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम असं प्रमाण सांगितलं आहे. तान्ह्याला त्याहून कमी पुरेल, पण केमिस्टकडची 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर उपचार सुरूच झालेला नाही असं समजावं.

कोणतं घ्यायचं? ब्रिस्टल विद्यापीठाच्या पुढाकाराने 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांची तुलना झाली. 2022 मध्ये निकाल आला तो असा : चौघांच्या गुणात फरक नाही, मूल आणि आई-बाप जे रोज लावतील ते चांगलं. पगाराच्या चौकटीत जगणाऱ्या घरासाठी ही मोठी दिलासा देणारी बातमी आहे. महागड्या परदेशी डब्याची गरज नाही. थंडीत साधी पेट्रोलियम जेली उत्तम. मे महिन्यात तिच्याखाली घामोळं येत असेल तर पातळ क्रीम घ्यावं. अंघोळीच्या पाण्यात घालायचं तेलकट द्रावण मात्र विकत घेऊ नये. 483 मुलांवरच्या 2018 मधल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही.

मॉइश्चरायझरने भागत नाही, त्वचा लालबुंद होते, तेव्हा स्टेरॉइडचं मलम लागतं. इथे पालक दोन टोकांना जातात. काहीजण ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकूनच डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवतात आणि बाळ महिनोन् महिने खाजवत राहतं. दुसरे केमिस्टला पुरळ दाखवून स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम आणतात आणि चेहऱ्यावर महिनाभर चोळतात. त्वचा पातळ होते, बंद करताच आग उसळते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या 14 स्टेरॉइडांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, पण काउंटरवरची सवय कायद्याने लगेच सुटत नाही.

मधला रस्ता सोपा आहे. बाळाच्या वयाला आणि जागेला साजेसं सौम्य मलम, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस, पुरेशा प्रमाणात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते. हे माप 1991 मध्ये लाँग आणि फिनले या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं आणि आजही ओपीडीत तेच शिकवलं जातं. इसब वारंवार उसळत असेल तर बरं दिसल्यावरही नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस मलम लावायला डॉक्टर सांगतात. त्याने पुढची लाट लांबते.

खाण्याबद्दल तर घराघरांत पथ्यांची यादी तयार असते : अंडं बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद. अॅलर्जी सिद्ध झाल्याशिवाय असं करू नये, वाढत्या बाळाचं पोषण त्याने तुटतं. लंडनमध्ये गिडियन लॅक यांनी 640 बाळांवर केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ चाचणीने तर उलटंच दाखवलं. तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या ज्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची अॅलर्जी खूपच कमी आढळली. अर्थात इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून, आणि दाणा अख्खा कधीच नाही, पेस्ट करून.

एक धोका मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवा. इसबाच्या जागी अचानक एकसारखे पाणीदार फोड उठले, ते फुटून खोल जखमा दिसू लागल्या, सोबत ताप आला, बाळ मलूल झालं, तर तो हर्पीसचा संसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता मुंबईतलं राजावाडी, कूपर किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. याच संसर्गाचे फोड ओठांवर (ताप उतून) आलेल्या माणसाने अशा बाळाचा पापा घेऊ नये, मग तो मामा असो की आजोबा.

बहुतेक मुलांचा इसब वाढत्या वयाबरोबर निवळतो, पण तोवरची वर्षं आई-बाबांनी एकट्याने काढावीत हे बरं नव्हे. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना दहा मिनिटं मिळत नाहीत, हे खरं. पण प्रत्येक बाळ सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला लसीसाठी आरोग्य केंद्रात येतंच. तिथल्या परिचारिकेने त्या वेळी गाल आणि हातपाय पाहावेत, मॉइश्चरायझर किती आणि कधी लावायचं ते आईला स्वतःच्या हाताने लावून दाखवावं, आणि न्हाऊ घालणारी आजी सोबत असेल तर तिलाही पुढे बोलवावं. इसब आहे म्हणून लस पुढे ढकलायची गरज नाही, हेही तिथेच सांगून टाकावं.