विश्लेषण : अमेरिकेत डॉक्टर व्हायचे, तर पदवीला जीवशास्त्रच हवे?

भारतात बारावी विज्ञान, ‘नीट’ आणि मग थेट एमबीबीएस. अमेरिकेत मात्र साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, त्यानंतर वैद्यकीय शिक्षणाची चार वर्षे. त्यामुळे तिथल्या मराठी घरांतही मुले कॉलेजात जाताना प्रश्न येतोच : ‘मेजर’ म्हणजे पदवीचा मुख्य विषय कोणता घ्यायचा?

नियम काय?

बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये मुख्य विषयाची अट घालत नाहीत. ती ठरावीक अभ्यासक्रम मागतात : जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि त्यांची प्रात्यक्षिके, अनेक ठिकाणी जैवरसायनशास्त्र आणि इंग्रजीही. इतिहासाची पदवी घेतानाही हे सारे पूर्ण करता येते. फक्त आखणी पहिल्या वर्षापासून हवी. सेंद्रिय रसायनशास्त्राआधी सामान्य रसायनशास्त्र लागते. तिथे घडी चुकली की अर्ज वर्षभर पुढे जातो.

आकडे काय सांगतात?

‘एएएमसी’ या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनुसार २०२३-२४ मध्ये ५२ हजारांहून अधिक जणांनी अर्ज केले, प्रवेश मिळाला सुमारे २३ हजारांना. निम्म्याहून अधिक अर्जदार जीवशास्त्र शाखांचे होते. साहित्य, तत्त्वज्ञान वगैरे शिकलेल्यांचे यशाचे प्रमाण त्यांच्यापेक्षा थोडे जास्तच दिसते. पण म्हणून साहित्य ही प्रवेशाची किल्ली ठरत नाही. ही मुले मोजकी असतात आणि बहुधा पक्का विचार करूनच या वाटेला आलेली असतात.

मग वजन कशाला?

गुणांना. अर्ज करताना एकूण सरासरीबरोबर जीवशास्त्र, रसायन, भौतिक व गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. शिवाय ‘एमकॅट’ ही ४७२ ते ५२८ गुणांच्या पट्टीवरची प्रवेश परीक्षा. तिच्या चार विभागांपैकी एक निव्वळ वाचन-आकलनाचा असून त्यातील उतारे मानव्यविद्या व समाजशास्त्रांतले असतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय महाविद्यालयाने तर १९८७ पासून मानव्यविद्यांच्या निवडक विद्यार्थ्यांना ‘एमकॅट’विना घेतले, पुढे ते इतरांच्या बरोबरीनेच टिकले.

प्रवेश हुकला तर?

घरात या प्रश्नाची चर्चा सहसा टाळली जाते. पण एका वर्षात निम्म्याहून अधिक अर्जदार बाहेर राहतात, तेव्हा हातातली पदवीच कामी येते. नुसत्या जीवशास्त्राच्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्यांचा पगार बेताचा असतो. संख्याशास्त्र किंवा संगणकाची जोड असेल तर पर्याय वाढतात. अभियांत्रिकीत गुण घसरण्याचा धोका, हेही खरे. त्यात २०२५ च्या कायद्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर १ जुलै २०२६ पासून वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा घातली. म्हणजे प्रवेश मिळूनही पैशाअभावी थांबावे लागण्याची शक्यता वाढली.

पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांसाठी मेजर हा नंतरचा प्रश्न. तिथली अनेक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत. जी घेतात, त्यांतली काही शुल्काची रक्कम आगाऊ दाखवायला सांगतात.