झाकणाखालची तार

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी वेग घेते न घेते तोच बाजवा स्थानक येते. आसमंतात खतांचा कारखाना आहे, कोयलीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. आणि रुळांच्या कडेने, प्रवाशाच्या नजरेस कधीही न पडणाऱ्या असंख्य तारा धावत आहेत. या बाजव्याहून छायापुरीकडे जाणाऱ्या जोडमार्गावर मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी ६० मीटर लांबीचा पोलादी पूल चढविण्यात आला. त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकली, आणि ते योग्यच झाले. परंतु अशा पुलांवरून विजेच्या आणि सिग्नलच्या तारा कशातून नेतात, हे छापावे असे कोणास वाटले नाही. आम्हांस आज त्या उपेक्षित वस्तूविषयीच लिहावयाचे आहे.

वस्तू अगदी साधी. साच्यात आधीच ओतून, पाणी देऊन पक्व केलेली काँक्रीटची पन्हळ आणि तिच्यावर दोन माणसांना सहज उचलता येईल असे सुटे झाकण. अशा पन्हळी एकापुढे एक मांडावयाच्या, आत तारा घालावयाच्या, झाकणे ठेवावयाची. बिघाड झाला तर कुदळीचे काम नाही. झाकण उचलावे, तार पाहावी. आपल्या रेल्वेची जुनी रीत मात्र जमिनीत सुमारे एक मीटर चर खणून, वाळू व विटांचे आच्छादन घालून तार पुरण्याची. मोकळ्या मातीत ती चालते. पण १४ सप्टेंबर २०१७ रोजी ज्या प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली, तो ५०८ किलोमीटरचा मार्ग बहुतांशी खांबांवरून जावयाचा आहे. तेथे पुरावयास मातीच नाही, तेव्हा पन्हळीवाचून गत्यंतर नाही.

गत्यंतर नसेल तेव्हाच शहाणपण सुचावे, हाच आमचा खरा आक्षेप आहे.

रेल्वेत तार तुटली की सिग्नल लाल होतो व गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. यंत्रणेची रचनाच तशी केलेली असते, म्हणून प्राण वाचतात. तास मात्र जातात. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे पावणेतीनशेहून अधिक माणसे दगावली. तो अपघात पन्हळीच्या अभावी झाला नव्हता. सिग्नलच्या जोडण्यांतील चुकीमुळे झाला होता. तरीही रुळांशेजारची तार ही किती गांभीर्याने हाताळण्याची वस्तू आहे, हे त्या दिवसाने देशाला दाखविले.

रस्त्यांची कथा याहून करुण. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले, तेव्हा सरकारनेच सांगितले की, असमन्वित खोदाईमुळे दरवर्षी सुमारे १० लाख वेळा प्रकाशतंतूंच्या केबली तुटतात व ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते. ॲप उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण खोदणाऱ्याने विचारावे आणि मालकाने आपली तार नेमकी कोठे आहे ते सांगावे, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच. आपल्याकडे दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ आहे.

पणजीकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०२३ व २०२४ साली राजधानीचे रस्ते मलनिःसारणासाठी उखडले, तारांसाठी उखडले, बुजविले आणि पुन्हा उखडले. धुळीचा प्रश्न २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. जांभ्याच्या कातळात चर खणणे महाग आणि पावसाळ्यात तो चर टिकणे कठीण. मग हा खर्च एकाच रस्त्यावर पुनःपुन्हा कशासाठी?

काँक्रीटची पन्हळ म्हणजे रामबाण उपाय, असे आमचे म्हणणे नाही. रुळांच्या कडेला उघडझाप करता येणारी पन्हळ ठीक. रहदारीच्या रस्त्याखाली मात्र बंद नळ्या आणि ठराविक अंतरावर तपासणीची कुंडे हवीत, नाहीतर पहिल्याच ट्रकखाली झाकणे फुटतील. कोकणच्या पावसात पाण्याला वाट ठेवली नाही तर पन्हळीचे गटार व्हावयास एक आषाढ पुरे. विजेच्या व संदेशाच्या तारांमध्ये पडदा हवा. आणि तांब्यावर डोळा ठेवणाऱ्या चोरांना सुटे झाकण म्हणजे निमंत्रणच. तेव्हा गस्त आलीच. हे सारे खर्चाचे आहे. वीजखात्याने खणावे, पाणीपुरवठा खात्याने पुन्हा खणावे, दूरसंचारवाल्याने तिसऱ्यांदा खणावे, यालाही खर्च येतोच. तो फक्त तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहिला जातो, म्हणून कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

आमची सूचना मर्यादित आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ चे असो वा गावच्या रस्त्याचे, रुंदीकरणाच्या निविदेतच तारांच्या मार्गाची तरतूद असावी; आणि भूगर्भात काय, कोठे, किती खोलवर घातले याचा नकाशा हाती आल्यावाचून ठेकेदाराचे शेवटचे देयक चुकते करू नये. राज्यातील किती रस्त्यांचे असे नकाशे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरी आहेत, हा प्रश्न विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने विचारावा. उत्तर आम्ही याच स्तंभात, मंत्रिमहोदयांच्या शब्दांत, प्रसिद्ध करू.