सायकल रुसली तर...



मिक्सर अडला, इस्त्री तापेना, कुकरची शिट्टी वाजेना, याबद्दल आपण या पानावर पुष्कळ बोललो. आज जरा वेगळ्या वस्तूबद्दल लिहिते आहे. ती स्वयंपाकघरातली नाही. आमच्या जिन्याखाली उभी असते. माझी विजेची सायकल!

हसू नका हं. या सायकलीवर माझी नोकरी चालते. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जेवढे तास, तेवढे पैसे. पहिला तास सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. यांची कारखान्यात पहिली पाळी असली की हे सहालाच बाहेर पडतात, म्हणजे मला सोडायला कुणी नाही. आणि आमचं सातारा तुम्ही पाहिलं असेल, तर पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचा चढ तुम्हांला सांगायला नको. साध्या सायकलीवर तो चढ चढून वर्गात गेलं, तर पहिली दहा मिनिटं मुलांना शिकवायचं की स्वतःचा श्वास सावरायचा? म्हणून २०२३ च्या जूनमध्ये स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून ही सायकल घेतली. आपण पेडल मारायचं, मोटरने मागून हात द्यायचा. वर्षभर अगदी सुरळीत चाललं.

मग आली २०२४ ची खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची, वाहनांची पूजा. सायकल लखलखीत दिसावी म्हणून मी अंगणातला पाइप घेतला, त्याच्या तोंडावर अंगठा दाबला आणि जोरदार फवाऱ्याने सायकल चांगली घासूनपुसून धुतली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दोनच दिवसांनी सकाळी पोवई नाक्यावर आले, पेडल मारतेय, मारतेय, पण मोटर ढिम्म! समोरचा लहानसा पडदा उजळलेला, बॅटरीच्या सगळ्या रेघा भरलेल्या, आणि सायकल मात्र धोंड्यासारखी जड. शेवटी उतरून ढकलत नेली. वर्गात पोचले तेव्हा दुसऱ्याच बाई मुलांची हजेरी घेत होत्या. तो तास गेला, त्याचे पैसेही गेले.

एकदा झालं तर ठीक. पण त्या आठवड्यात असं तीनदा झालं. मुख्याध्यापिका बाई स्वभावाने चांगल्या, तरी त्यांनी विचारलंच, "पहिला तास दुसऱ्या कुणाला देऊ का?" सत्र परीक्षा तोंडावर आलेली. पोटात गोळाच आला हो माझ्या.

संध्याकाळी आम्ही दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. यांना म्हणाला, "साहेब, कंट्रोलर गेला. साडेचार हजार होतील." हे घरी येताना म्हणाले, "अगं, विकून टाकू या. बसचं बघ काहीतरी." मी गप्पच बसले.

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या आयुष्यभर शिवणकाम करत आल्या. त्या म्हणाल्या, "टाका सुटला की मी काय मशीनच फेकून द्यायचे का? आधी दोरा बघायचा, मग सुई, मग बॉबिन. त्यात सापडलं नाही, तर मशीनवाला." बस्स, तेवढं मला पुरलं. म्हटलं, आपणही आधी दोरा बघू या.

मला मदत झाली ती आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंची. मधल्या सुट्टीत त्यांनी मला प्रयोगशाळेत बसवून सगळं समजावून दिलं. ते जसं मला कळलं, तसं तुम्हांला सांगते.

पेडलच्या आसावर एक काळी प्लॅस्टिकची चकती असते, मारी बिस्किटाहून थोडी लहान. तिच्यात तुरीच्या दाण्याएवढे लोहचुंबक गोलाकार बसवलेले असतात. चकती पेडलबरोबर फिरते. तिच्या शेजारी, सायकलच्या सांगाड्याला धरून, एक लहानसा सेन्सर स्थिर बसलेला असतो. चुंबक समोरून गेला की त्याला ते जाणवतं. चुंबकाजवळ वीज वाहत असली की तिच्या आडव्या दिशेने थोडा विद्युतदाब तयार होतो. हे एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखवलं होतं. म्हणून याला हॉल सेन्सर म्हणतात. एकामागून एक चुंबक गेले की सेन्सर कंट्रोलरला कळवतो, 'बाई पेडल मारताहेत', आणि कंट्रोलर मोटर चालू करतो. आपण पाय थांबवले की निरोप थांबतो आणि मोटरही थांबते. हा निरोप्याच मुका झाला, तर बॅटरी आणि मोटर धडधाकट असूनही सायकल हलणार नाही.

आता दोरा-सुई-बॉबिन कसं बघायचं, ते क्रमाने सांगते.

१. आधी पडद्यावर मदतीचा आकडा बघा. तो शून्यावर असेल, तर मोटर चालणारच नाही. घरात मुलं असतील, तर त्यांनी बटणं दाबलेली असतात!

२. मग मोटर फिरते का ते बघा. काही सायकलींना मुठीजवळ थ्रॉटल असतो. माझ्या सायकलीला तो नाही. पण वजाचं बटण दाबून धरलं की सायकल पायी चालण्याच्या वेगाने आपोआप पुढे सरकते. उतरून हातात धरून तसं करून पाहिलं, आणि सायकल चालली! म्हणजे बॅटरी ठीक, मोटर ठीक, आणि बहुतेक करून कंट्रोलरही ठीक. साडेचार हजारांचा माझा धसका तिथेच अर्धा उतरला.

३. तसंही सायकल सरकली नाही, तर ब्रेकचे दांडे बघा. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून त्यांत स्विच असतो. दांडा पूर्ण मागे आला नाही, तर सायकलीला वाटतं की ब्रेक दाबलेलाच आहे.

४. मग चकती. माती, केस, दोऱ्याचे धागे अडकलेत का? चकती आसावर सैल होऊन सरकली आहे का? एखादा चुंबक गळून पडला आहे का? चकती आणि सेन्सर यांत दोन-तीन मिलिमीटरचं अंतर पुरे. जास्त झालं तर निरोप पोचत नाही, आणि चिकटलं तर घासतं. मोटर मध्येच लागते, मध्येच सुटते, अशी तक्रार असेल, तर बहुधा दोष इथेच सापडतो.

५. शेवटी जोडणी. सेन्सरच्या तीन तारा कंट्रोलरला जातात. सायकल बंद करून बॅटरी काढा, आणि मगच ही जोडणी सोडवा. माझ्या जोडणीत काय दिसलं असेल? तांब्याच्या भांड्यावर कळकतो ना, तसा हिरवट थर! खंडेनवमीच्या फवाऱ्याचा प्रसाद. जुन्या मऊ ब्रशने आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घेतलं, रात्रभर वाळू दिलं. सकाळी सायकल चालू!

मी शाळेत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तेही परीक्षेच्या आदल्या दिवशी.

मग विज्ञानाच्या बाई आपला मल्टिमीटर घेऊन आमच्या घरीच आल्या. मागचं चाक जमिनीवरून उचलून धरलं, कारण तपासणीत बॅटरी चालू ठेवावी लागते आणि चाक फिरू शकतं. पदर, ओढणी, मुलांची बोटं दूर! मदतीचा आकडा शून्यावर ठेवला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावला. तीन तारांपैकी लाल म्हणजे बहुधा पाच व्होल्ट, काळी म्हणजे परतीची, आणि तिसरी, निराळ्या रंगाची, निरोपाची. जोडणी तशीच जोडलेली ठेवून मागच्या बाजूने मीटरची टोकं टेकवली. लाल आणि काळी यांत जवळपास पाच व्होल्ट आले. म्हणजे कंट्रोलर आपलं काम करतो आहे. मग काळी आणि निरोपाची तार यांत टोकं लावून मी पेडल हाताने सावकाश पुढे फिरवलं. प्रत्येक चुंबक जाताना काटा, म्हणजे आताचे आकडे, शून्याकडे आणि पुन्हा पाचाकडे असे उड्या मारायला हवेत. आमचे आकडे मात्र एकाच जागी बसले. पाणी सेन्सरच्या पोटातच शिरलं होतं.

इथे दोन गोष्टींचं भान ठेवा. मीटरची टोकं एकमेकांना किंवा दोन तारांना एकदम लागू देऊ नका, नाहीतर चांगला कंट्रोलर खरोखरच जाईल. आणि बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारांना, बॅटरीच्या पेटीला घरी हात लावू नका. ते काम आपलं नव्हे.

नवीन सेन्सर चकतीसकट मला साडेतीनशे रुपयांना पडला. कुठे साडेचार हजार आणि कुठे साडेतीनशे! घेताना जुना बरोबर न्यावा. जोडणीचा आकार तोच हवा, चकतीतल्या चुंबकांची संख्या तीच हवी, आणि चकती आसाच्या ज्या बाजूची असेल, त्याच बाजूची हवी. क्रँक काढायला पुलर नावाचं हत्यार लागतं. हातोडीने ठोकू नका, आटे जातात. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे पुलर होता. त्यांनी क्रँक काढून दिला, तीस रुपये घेतले. बाकीचं मी केलं. जुना सेन्सर काढला, नवा त्याच जागी बसवला, तार चेनला लागणार नाही अशी नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधली, जोडणी पाणी साचणार नाही अशी खालच्या तोंडाने ठेवली.

पेडल फिरवलं आणि... काही नाही! अगदी रडू यायचं बाकी राहिलं. काका हसून म्हणाले, "वहिनी, चकतीवरचा बाण बघा की." बाण उलट्या दिशेला होता. चकतीला सुलटी-उलटी बाजू असते, आणि उलटी बसवली की पुढे मारलेलं पेडल सेन्सरला मागे मारल्यासारखं वाटतं. क्रँक पुन्हा काढला, चकती पालटली, आणि या वेळी मागचं चाक असं काही गरगरलं, की सासूबाई ओट्यावरून टाळ्या वाजवायला लागल्या.

महागड्या सायकलींत पेडलवरचा दाब मोजणारा सेन्सर आसाच्या आतच असतो. जपानमध्ये १९९३ साली यामाहाने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अशी मदतनीस सायकल विकायला काढली, तीही दाब मोजणारीच होती. तुमची सायकल तशी असेल, तर जोडणी पुसण्यापलीकडे जाऊ नका, कंपनीच्या माणसाकडेच द्या. सायकल वॉरंटीत असेल, तरीही काही उघडण्याआधी दुकानात विचारा. आणि कुणी "वहिनी, वेगही वाढवून देतो" म्हणालं, तर साफ नाही म्हणा. अडीचशे वॅटहून कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, एवढ्याच मर्यादेत आपल्या सायकलीला नोंदणी आणि लायसन्स यांतून सूट आहे.

राहता राहिलं धुणं. फवारा अजिबात नको. ओल्या फडक्याने पुसा, पेडलजवळ कोरडा ब्रश फिरवा. पावसात भिजली, तर आडोशाला वाळू द्या. देवाला हार घालतो, पण समईवर पाणी ओततो का आपण?

परीक्षेच्या दिवशी मी सात वाजता वर्गात होते. पहिला तास माझ्याकडेच राहिला. हे अजून विकण्याची गोष्ट काढत नाहीत; उलट परवा शेजारच्यांना सांगत होते, "आमच्या हिला विचारा, तिला कळतं त्यातलं." मी आतून ऐकत होते, बरं का! आणि विज्ञानाच्या बाईंचा मल्टिमीटर परत करून मी स्वतःचा घेतला. शिवणाच्या डब्यात, बॉबिनच्या शेजारी ठेवला आहे.

तुमच्या घरच्या सायकलीची काही तक्रार असेल, तर जरूर कळवा. मात्र लिहिताना आधी दोरा बघितला की नाही, तेवढं सांगा!