करारातील एक ओळ

अमेरिकेतील रुग्णालयांत ‘ट्रॅव्हल नर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिचारिकांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. एखाद्या रुग्णालयात मनुष्यबळ अपुरे पडले, की एजन्सीमार्फत अशा परिचारिकेस ठरावीक मुदतीसाठी बोलाविले जाते. ही मुदत बहुधा १३ आठवड्यांची असते. ती संपताच सामान आवरून ती दुसऱ्या गावी, पुष्कळदा दुसऱ्या राज्यात, नव्या कामावर रुजू होते. मोबदला चांगला असतो; स्थैर्य मात्र नसते.

या व्यवसायात ‘फ्लोट’ हा शब्द नित्याचा आहे. नेमून दिलेला विभाग सोडून त्या दिवशी जेथे गरज असेल तेथे जाणे, हा त्याचा अर्थ. एकाच संस्थेची अनेक रुग्णालये असतील, तर केवळ विभागच नव्हे, रुग्णालयही बदलते. पाळी सुरू होण्याच्या सुमारास निरोप येतो, ‘आज येथे नको, तिकडच्या रुग्णालयात जा.’ कायम सेवकांच्या आधी हा निरोप बहुधा पाहुण्या परिचारिकेच्याच वाट्याला येतो. करारात ‘संस्थेच्या गरजेनुसार’ अशी एक ओळ असते. सही करताना ती किरकोळ वाटलेली असते.

एका पेढीवरील अनुभवी दिवाणजींना अकस्मात दुसऱ्या पेढीच्या गादीवर बसविले, तर तेथील खतावणी, गिऱ्हाईक आणि उधारी समजण्यास त्यांनाही काही दिवस लागतात. तेथे चूक झालीच, तर ती रकमेची असते. मेळ घालताना सापडते आणि दुरुस्त करता येते. रुग्णालयात तशी सवड नसते. औषधांचे यंत्रचलित कपाट नवा संकेतशब्द मागते, संगणकावरील रुग्णनोंदीची मांडणी वेगळी असते, हृदयक्रिया बंद पडल्यास लागणारी साधनांची गाडी कोठे उभी आहे हेही ठाऊक नसते. हात कुशल असूनही क्षणभर अडतात, आणि तो क्षण रुग्णाचा असतो.

म्हणूनच कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा केला. त्यानुसार २००४ पासून तेथे एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याची मर्यादा अमलात आली. अतिदक्षता विभागात ही मर्यादा दोन रुग्णांची आहे. ज्या विभागाची ओळख करून दिलेली नाही आणि ज्यातील कौशल्य सिद्ध झालेले नाही, तेथे परिचारिकेस नेमू नये, असाही तेथे नियम आहे. तो तात्पुरत्या सेवकांनाही लागू आहे.

तथापि प्रत्येक ठिकाणी कायदा सोबतीला नसतो. अशा वेळी परिचारिकेपुढे खरा पेच उभा राहतो. नकार द्यावा, तर करार मोडला जाण्याची भीती. दूर देशी भाड्याने घेतलेले घर आणि हिशेबात धरलेली मिळकत, दोन्ही धोक्यात. निमूटपणे जावे, तर अपरिचित कामाचा भार स्वतःच्या परवान्यावर. एकदा रुग्णांची सूत्रे हाती घेतली, की त्यांना मध्येच सोडून जाता येत नाही. म्हणून ‘हे काम मला येते, हे येत नाही’ असे स्पष्ट सांगण्याची वेळ सूत्रे घेण्यापूर्वीची असते.

आणि त्याहून उत्तम वेळ सहीपूर्वीची. कोणकोणती रुग्णालये, किती अंतरापर्यंत, कोणते विभाग, कामाची ओळख करून देण्यास किती वेळ, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, हे सारे लेखी मागून घेणाऱ्या परिचारिकेस कोणी हट्टी म्हणेल. व्यापारी घराण्यांस मात्र हे सहज उमगावे. सौद्यात मालाचा वाण, वजन आणि पोहोचविण्याचे ठिकाण मोघम ठेवले, तर पुढे तंटा ठरलेला, हे त्यांच्या घरातील मुलेही जाणतात.

हाच न्याय दुकानातील नोकरासही लावून पाहावा. ‘पडेल ते काम’ असे सांगून ठेवलेल्या माणसाला न शिकविलेले काम सोपविले आणि नुकसान झाले, तर दोष केवळ त्याचा ठरत नाही. ‘मला हे येत नाही’ असे त्याने आधीच सांगितले, तर ते कामचुकारपणाचे लक्षण समजू नये. ज्या पेढीवर असे बोलण्याची मुभा असते, तेथील माणसे टिकतात.