परतीचा पुरावा

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला, आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा जिथे मिळतो तिथे, कोल्हापूरच्या एका छत्रपतींची छत्री उभी आहे. दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेचा दौरा आटोपून मायदेशी निघाले असता ३० नोव्हेंबरला त्या शहरात निवर्तले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि उघड्यावर दहन करण्याची चाल तिथे नव्हती. तरीही तिथल्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये स्मारक पुरे झाले. जवळच्या पुलाला लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

हे स्मारक एकदा डोळ्यांनी पाहावे असे कोल्हापुरातल्या एखाद्या शिक्षकाला आज वाटले, तर त्याने काय करावे? बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, शाळेचे रजेचे पत्र, जाण्यायेण्याच्या तिकिटांचे आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा दाखला आणि किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा एवढे जमवावे आणि मुंबईची वा पुण्याची वाट धरावी; कारण बोटांचे ठसे टपालाने जात नाहीत. शुल्क ९० युरो, जून २०२४ पूर्वी ते ८० होते. अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीची आकारणी निराळी. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून पोहोचलेल्या माणसाचा एखादा कागद कमी भरला, तर त्याचा हेलपाटा त्याच्याच खात्यावर. मुंबईकराला जे अर्ध्या दिवसाचे काम, ते कोल्हापूरकराला दोन रात्रींचे. या अंतराचा कर कोणत्याही शुल्कपत्रकात छापलेला नसतो.

पण आमची तक्रार कागदांच्या संख्येबद्दल नाही. कागद जमवण्यात आपण भारतीय कोणाला हार जाणार नाही. आमची तक्रार त्या कागदांआडून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाबद्दल आहे. 'तुम्ही कोण' हा तो प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर पासपोर्टच देतो. 'का येता' हाही नव्हे. त्याचे उत्तर एका वाक्यात संपते. खरा प्रश्न आहे, 'तुम्ही परत जाल कशावरून?' न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मागण्याचा हा प्रकार आहे. आणि तो पुरावा कशाने सिद्ध होतो? पगाराने, ठेवींनी, घराच्या उताऱ्याने, सातबाऱ्याने. ज्याच्या नावावर काही आहे तो परतेल. ज्याच्या नावावर काही नाही त्याच्या मनात काळेबेरे आहे, असा हा हिशेब. माणसाला मागे ओढणारी आई, भाषा, अर्धे लिहिलेले पुस्तक, पंचगंगेचा घाट यांचा दाखला कोणते तलाठी कार्यालय देणार?

वस्तूंना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये तिच्याच घडणीचे पादत्राण प्राडाच्या मिलानमधील प्रदर्शनात दिमाखाने चालले, आणि त्यात तिच्या गावाचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. जुलैत तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. ती आली याचा आम्हांला आनंदच आहे. इटलीच्या पर्यटकाला भारताचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, तेही आम्हांला योग्यच वाटते. आम्ही एवढेच विचारतो, की चामडे जितक्या सहज त्या बाजूला गेले, तितक्या सहज ते कमावणारा, कापणारा, शिवणारा हात का जाऊ नये?

अर्ज नामंजूर झाला तर ते ९० युरो परत मिळत नाहीत. छापील तक्त्यातल्या एका चौकटीत खूण येते: परतण्याच्या इराद्याविषयी वाजवी शंका. ती शंका कशावरून आली, हे त्या खुणेतून उमगत नाही. दाद मागता येते. इटलीच्या बाबतीत साठ दिवसांत, रोममधील प्रशासकीय न्यायालयात. न्याय नाकारलेला नाही. जिथे जाण्याची परवानगी नाकारली, त्या देशात तो ठेवलेला आहे.

यावर कोणी म्हणेल, आपल्या सीमेवर कोणाला घ्यावे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. आहेच. आपले सरकारही शेजारच्या काही देशांतील माणसांना कमी ताटकळत ठेवत नाही, आणि तेही आम्हांला मंजूर नाही. पण हक्क असणे आणि तो जबाबदारीशिवाय वापरणे यांत अंतर आहे. नकार द्या, मग कारण पूर्ण वाक्यात लिहा. नकार द्या, मग शुल्काचा काही भाग तरी परत करा. २०१७ पासून पासपोर्टची सेवा जिल्ह्याच्या डाकघरांपर्यंत येऊ शकली, तर बोटांचे ठसे घेणारे यंत्र महिन्यातून दोन दिवस कोल्हापुरात का येऊ नये? एप्रिल २०२४ च्या नियमाने तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरणाऱ्या भारतीयांना पुढे दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा व्हिसा मिळण्याची सोय झाली. उत्तम. पण ही सोय जाऊन आलेल्याची आहे. पहिल्यांदा निघणारा उंबऱ्यावरच उभा आहे.

शेवटी थोडे आपल्या घरातले. मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. पण ती बहुधा विमानतळावरून सुरू होतात. त्याआधीची रांग, काचेपलीकडून आलेला तुटक प्रश्न, व्हिसा हाती आल्यावर अंबाबाईला ठेवलेले पेढे, आणि नाकारला गेल्यावर 'बेतच रद्द केला' असे शेजाऱ्यांना सांगितलेले खोटे, हे सारे आपण गाळतो. व्हिसा मिळणे म्हणजे चारित्र्याचा दाखला आणि न मिळणे म्हणजे आपलेच काही उणे, हे आपण मुकाट्याने मान्य केले आहे. ही व्यवस्था टिकते ती या लाजेवर. ज्याला नाकारले त्याने गप्प बसायचे आणि ज्याला मिळाले त्याने विसरून जायचे, मग बोलायचे कोणी? ज्यांनी ती रांग पाहिली त्यांनी ती लिहावी. अपमान एकट्याने गिळला की तो नशीब ठरतो. दहा जणांनी लिहिला की त्याची तक्रार होते.