चढाईचा वेग आई-वडिलांचा हवा

पावसाळा सरला की अनेक तरुण आई-वडिलांना घेऊन हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जातात. बेत चांगला आहे. पण ऑक्टोबरच्या उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात, तर रात्री माथ्यावर गारठा असतो. साठीनंतर तहान कमी जाणवते. म्हणून पाणी ठरावीक वेळाने द्यावे. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या गरजेपेक्षा एक दिवस जास्तीच्या घ्याव्यात. उतरताना गुडघ्यांवर भार वाढतो. हाती काठी हवी, ओझे मुलांनी उचलावे. छातीत दाब जाणवला किंवा बसूनही धाप थांबली नाही, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. चढाई तिथेच थांबवून मदत मागवावी. मुलांचा हिरमोड नको म्हणून आई-वडील दुखणे लपवतात. त्यामुळे ‘दमलात का?’ असे विचारत बसण्यापेक्षा मुलांनीच आधी थांबावे.