विश्लेषण : ओपन सोर्सच्या स्वयंसेवकांना डिजिटल बॅज, कौतुकाची थाप की नुसती मोजदाद?

ऑक्टोबर २०२० च्या पहिल्या काही दिवसांत जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणी माहितीच्या फाइलमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ हे शब्द घुसडले, कुणी एखादा स्वल्पविराम हलवला. हे सारे एका टी-शर्टसाठी! २०२३ मध्ये टी-शर्टची जागा डिजिटल बॅजने घेतली. फुकट काम करणाऱ्यांचे कौतुक कसे करावे, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

डिजिटल बॅज म्हणजे काय?

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संगणकीय आज्ञावली कुणालाही वाचता, वापरता आणि बदलता येते, ते ओपन सोर्स. बँकांपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र ते वापरले जाते आणि त्यातले बरेचसे स्वयंसेवक सांभाळतात. डिजिटल बॅज हे अशा स्वयंसेवकाच्या नावापुढे झळकणारे छोटे चित्र. बॅज कोणी, कोणाला, कधी आणि कशासाठी दिला ही माहितीही त्या चित्रातच साठवता यावी, यासाठी मोझिलाने २०११ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनच्या साथीने ‘ओपन बॅजेस’ हे मानक सुरू केले. २०१३ मध्ये फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने स्वतःचे बॅज आणले, २०२२ मध्ये गिटहबने ‘अचिव्हमेंट्स’ आणली. गिटहबच्या बॅजपैकी ‘योलो’ हा दुसऱ्या कुणी न तपासलेला बदल मूळ प्रकल्पात सामावून घेतल्याबद्दल मिळतो. गंमत म्हणून ठीक आहे; पण यंत्राला काम मोजता येते, कामाची प्रत कळत नाही, हे त्यातून दिसते.

हॅक्टोबरफेस्टमध्ये काय बिघडले?

डिजिटलओशन या कंपनीने २०१४ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमाचा हेतू चांगलाच होता. ऑक्टोबरमध्ये ठरावीक संख्येने बदल सुचवा आणि टी-शर्ट मिळवा. चार बदल पुरेसे म्हटल्यावर चार सोपे बदल शोधले जाणार, हे ओघानेच आले. यात भारतातले विद्यार्थीही बरेच होते. कॅम्पस मुलाखतीला जाताना बायोडेटात दाखवायला काहीतरी हवे, हे दडपण पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना नवे नाही. दोष मुलांना देऊन भागणार नाही, कारण नियमच तसा होता. सुचवलेला प्रत्येक निरुपयोगी बदल कुणीतरी उघडून वाचतो, नाकारतो आणि वर सौजन्याने उत्तरही देतो. हा ‘कुणीतरी’ म्हणजे दिवसभराची नोकरी संपवून रात्री बसणारा देखभालकर्ता. म्हणजे ज्यांचे आभार मानायचे, त्यांच्याच डोक्यावर ओझे वाढले. तक्रारी वाढल्यावर आयोजकांनी काही दिवसांतच नियम बदलला आणि संमती देणाऱ्या प्रकल्पांतलेच काम धरायचे ठरवले. २०२३ मध्ये टी-शर्ट थांबवून डिजिटल बॅज देणे सुरू झाले.

बॅजमुळे काम वाढते का?

वाढते, पण कोणता बॅज, यावर ते अवलंबून आहे. विकिपीडियावर एक संपादक दुसऱ्याच्या पानावर ‘बार्नस्टार’ हा कौतुकाचा तारा ठेवतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना असा तारा देण्यात आला. पुढच्या ९० दिवसांत त्यांचे काम तारा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक भरले. आधीच मनापासून झटणाऱ्याला ‘तुझे काम दिसले’ एवढे कळणेही पुरले.

स्टॅक ओव्हरफ्लोवर यंत्राने मोजून दिल्या जाणाऱ्या बॅजचे चित्र वेगळे होते. २०१३ च्या अभ्यासात दिसले की बॅज जवळ येईल तसा वापरकर्त्याचा वेग वाढतो आणि बॅज मिळाला की ओसरतो. गिटहबने २०१६ मध्ये सलग किती दिवस काम केले, हे दाखवणारा आकडा काढून टाकला. तेव्हा लांबलचक मालिका जपणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या सोडल्या, असे नंतरच्या संशोधनात आढळले.

न दिसणाऱ्या कामाचे काय?

फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस मराठीत उघडते, त्यामागे स्वयंसेवी भाषांतरकार आहेत. ‘बुकमार्क’ तसाच ठेवायचा की ‘वाचनखूण’ लिहायचे, यावर एखादी संध्याकाळ जाते. मोजणाऱ्या यंत्राच्या खात्यात एक शब्द पडतो. नवख्याला समजावणे, भांडण मिटवणे, त्रुटीची नोंद तपासून ‘ही माझ्याकडेही येते’ असे कळवणे, यांचेही तसेच. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी साधी पद्धत आहे. प्रत्येक बदलाच्या नोंदीतच तो कोणी तपासला, कोणी चालवून पाहिला, चूक कोणी कळवली, त्यांची नावे लिहितात. चित्र नाही, चमक नाही. पण ती नावे प्रकल्पाच्या इतिहासात राहतात. बॅज द्यायचेच असतील तर ते असे, सहकाऱ्याने नाव घेऊन आणि कारण लिहून द्यावेत. अशाने संख्या कमी भरेल, ती भरू द्यावी.

बॅज पुरेसा आहे का?

नाही. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा इंटरनेटवरच्या व्यवहारांचे कुलूप असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. मार्च २०२४ मधले ‘एक्सझेड’ प्रकरण तर बॅजवाल्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. फाइल आक्रसणारे हे सॉफ्टवेअर एकच स्वयंसेवक सांभाळत होता आणि आपली ताकद अपुरी पडते, हे त्याने जाहीरपणे सांगितलेही होते. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी मदतीला आले, दोनेक वर्षे नेटाने काम केले, विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला. काम मोजून बॅज देणाऱ्या यंत्राने या ‘जिया तान’लाच बॅजची रांग लावून दिली असती. चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना. सगळे निस्तरून मे २०२४ मध्ये स्वच्छ आवृत्ती आली, ती त्याच थकलेल्या मूळ देखभालकर्त्याच्या हातून.